वाचकांचे प्रश्न : विमान धुताना काय झाकावे, काय जपावे

मागील अंकात विमानांच्या नियमित देखभालीविषयी लिहिताना ‘विमान धुणे हेसुद्धा देखभालीचेच काम आहे’ असे एक वाक्य मी ओघात लिहिले होते. त्या वाक्याविषयी अधिक विचारणारी बरीच पत्रे आली. त्यांतील सहा पत्रांना येथे उत्तरे देत आहे. हँगरमध्ये माझी नोकरीची सारी वर्षे गेली, त्यामुळे हा विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे. काही उत्तरे लांबली आहेत ती त्यामुळेच.

प्रश्न : माझा नातू सांगतो की, एकदा विमान धुतल्यानंतर त्यावर चिकटपट्टी राहून गेली आणि त्यामुळे ते समुद्रात कोसळले. मला ही अतिशयोक्ती वाटते. एवढ्या मोठ्या यंत्राला वीतभर चिकटपट्टी कशी पाडू शकेल?
– एक निवृत्त शिक्षक, सांगली

उत्तर : आपल्या नातवाने सांगितले ते दुर्दैवाने अक्षरशः खरे आहे. २ ऑक्टोबर १९९६ रोजी मध्यरात्र उलटल्यावर एरोपेरू कंपनीचे बोइंग ७५७ जातीचे विमान पेरूची राजधानी लिमा येथून चिलीतील सँटियागोकडे निघाले आणि सुमारे अर्ध्या तासात प्रशांत महासागरात कोसळले. त्यातील ७० जणांपैकी कोणीही वाचले नाही. उड्डाणापूर्वी विमानाच्या पुढच्या भागाची खालची बाजू धुऊन तिला पॉलिश केले होते. त्या वेळी पाणी आत जाऊ नये म्हणून स्टॅटिक पोर्टवर चिकटपट्टी लावली होती आणि काम संपल्यावर ती काढायची राहून गेली.

स्टॅटिक पोर्ट म्हणजे विमानाच्या अंगावर, गुळगुळीत तबकडीत पाडलेली बारीक छिद्रे. पेन्सिलीचे टोक जेमतेम जाईल एवढीच ती असतात आणि ठाऊक नसेल तर त्यांच्याकडे कोणाचे लक्षही जाणार नाही. बाहेरच्या हवेचा दाब या छिद्रांतून नळ्यांवाटे आतल्या उपकरणांपर्यंत पोचतो. विमान वर जाते तसा हा दाब कमी होतो आणि त्यावरून उंची कळते. पिटो ट्यूब या पुढे तोंड असलेल्या नळीत समोरून शिरणाऱ्या हवेचा दाब आणि स्टॅटिक पोर्टचा दाब यांतील फरकावरून वेग कळतो. विमान किती झपाट्याने चढते किंवा उतरते आहे हेही याच दाबावरून कळते. म्हणजे छिद्रे बंद झाली की वैमानिकाचे उंची, वेग आणि चढ-उतार हे तिन्ही आधार एकाच वेळी जातात. शिवाय काटे थांबलेले दिसत नाहीत. ते खोटे आकडे दाखवत राहतात, आणि हा प्रकार उपकरण बंद पडण्यापेक्षा कितीतरी वाईट आहे.

त्या रात्री वैमानिकांना विमान फार वेगात असल्याचा आणि वेग फार कमी असल्याचा असे दोन्ही इशारे एकाच वेळी मिळत होते. खाली काळा समुद्र होता, जमिनीवरचा एक दिवाही दिसत नव्हता. त्यांनी नियंत्रण कक्षाला आपली उंची विचारली. नियंत्रकाने पडद्यावर पाहून उत्तर दिले. पण त्याच्या पडद्यावरचा उंचीचा आकडा विमानातल्याच उपकरणाकडून येत असतो. म्हणजे वैमानिक ज्याला विचारत होते तो त्यांना त्यांचाच चुकीचा आकडा वाचून दाखवत होता. पंख पाण्याला लागला तेव्हाही उपकरणे विमान सुमारे ९,७०० फुटांवर असल्याचे दाखवत होती.

चिकटपट्टी लावणाऱ्या कामगाराला दोष देऊन हा विषय संपवणे मला मान्य नाही. चकचकीत धातूवर रुपेरी पट्टी होती, काम रात्रीचे होते, तपासणाऱ्याने पाहिले नाही आणि उड्डाणापूर्वी विमानाभोवती फेरी मारणाऱ्यालाही ती दिसली नाही. लावलेली वस्तू कोणाच्याही नजरेत सहज भरावी अशी व्यवस्था तेथे नव्हती, हे खरे कारण आहे.

दुसरे उदाहरण पाण्याचेच आहे. २७ नोव्हेंबर २००८ रोजी फ्रान्समधील पेर्पिन्याँजवळ एक एअरबस ए-३२० समुद्रात पडले आणि आतील सातही जणांचा मृत्यू झाला. हे विमान भाड्याने दिलेले होते. ते परत करण्यापूर्वी त्याला नवा रंग दिला होता आणि रंगापूर्वी, अपघाताच्या तीन दिवस आधी, त्यावरची धूळ पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुतली होती. हवेच्या प्रवाहाशी विमानाचा कोन मोजणारी पात्यासारखी उपकरणे तेव्हा झाकलेली नव्हती. आत शिरलेले पाणी उंचावर गोठले आणि तीनपैकी दोन उपकरणे एकाच कोनात अडकली. संगणकाने दोन सारखी मापे खरी धरली आणि बरोबर चालणारे तिसरे उपकरण बाद ठरवले. कमी वेगाची चाचणी घेताना, वेग धोक्याइतका कमी होण्यापासून संगणकाने द्यायला हवे होते ते संरक्षण वैमानिकांना मिळाले नाही. लिमाला झाकलेले उघडायचे राहिले आणि पेर्पिन्याँला झाकायचेच राहिले.

यासाठी नियम असा आहे की, छिद्रे व उपकरणे निर्मात्याने दिलेल्या ठळक रंगाच्या झाकणांनीच झाकावीत आणि प्रत्येक झाकणाला ‘रिमूव्ह बिफोर फ्लाइट’ असे लिहिलेली लांब लाल फीत लोंबती ठेवावी. पट्टी वापरण्याची वेळ आलीच, तर ती भडक रंगाची असावी आणि तिची शेपटी हातभर लोंबत असावी. झाकणांना क्रमांक असावेत. लावताना किती लावली हे नोंदवहीत लिहावे आणि काढल्यावर ती मोजून पेटीत ठेवावीत. मोजणारा माणूस लावणारा नसावा. पेटीतली एक खाच रिकामी दिसली तर विमान जागेवरून हलत नाही, इतकी ही शिस्त कडक असायला हवी.

प्रश्न : मी वैमानिक होण्याचे प्रशिक्षण घेत आहे. आमच्याकडे सेसना १७२ विमाने आहेत आणि सुट्टीच्या दिवशी ती धुण्यात आम्ही विद्यार्थी मदत करतो. कोणी प्रेशर पंप वापरा म्हणते, कोणी नको म्हणते. योग्य पद्धत कोणती?
– एक प्रशिक्षणार्थी, बारामती

उत्तर : प्रेशर पंप नको. बिजागऱ्या, चाकांची बेअरिंगे, अँटेनांची बुडे, दारांची रबरे या जागी जोराचे पाणी ग्रीस उडवून लावते आणि त्याच्या जागी स्वतः जाऊन बसते. वरून दिसत काहीच नाही. त्रास महिन्यांनी सुरू होतो. साधी बागेची नळी, बादल्या, मऊ स्पंज आणि स्वच्छ सुती किंवा मायक्रोफायबरची फडकी एवढे साहित्य सेसनाला पुष्कळ झाले.

सुरुवात पाण्याने करू नका. आधी मॅग्नेटोची, म्हणजे इंजिनाला ठिणगी देणाऱ्या यंत्राची, किल्ली बंद करून बाहेर काढा, मिक्स्चरची (इंधनाचे प्रमाण ठरवणारी) मूठ पूर्ण मागे ओढलेली आहे याची खात्री करा, चाकांना पुढून-मागून चॉक म्हणजे अडवणारे ठोकळे लावा. एवढे करूनही प्रोपेलरला हात लावताना तो आता फिरेल असे समजूनच उभे राहा. मॅग्नेटोची अर्थिंगची तार आतून तुटलेली असेल तर किल्ली बंद असूनही हाताने फिरवलेला प्रोपेलर इंजिनाला चालना देऊ शकतो. हे मी भीती घालण्यासाठी लिहीत नाही. जगभरातील फ्लाइंग क्लबांत या एका गोष्टीमुळे माणसे कायमची जायबंदी झाली आहेत.

मग झाकायच्या जागा. सेसना १७२ च्या डाव्या पंखाखाली पिटो ट्यूब आहे. त्याच पंखाच्या पुढच्या कडेला स्टॉलचा, म्हणजे पंखाची उचल नाहीशी होण्याचा, इशारा देणारे छिद्र आहे. डाव्या आधारदांड्याजवळ इंधनटाकीला हवा देणारी नळी आहे आणि इंजिनाच्या मागे डाव्या अंगावर स्टॅटिक पोर्ट आहे. या चारही जागा एकाच बाजूला आहेत, म्हणून डाव्या बाजूला पाणी मारताना अधिक जपा. इंजिनाला हवा देणारी तोंडे, चाकांचे ब्रेक आणि पंखांच्या मुळाशी असलेली केबिनच्या हवेची छिद्रेही झाका.

बारामतीकडची धूळ कोरडी आणि खरखरीत असते. ती कापडाने पुसायला गेलात तर रंगावर कानस फिरवल्यासारखे होते. म्हणून आधी नुसत्या पाण्याने धूळ वाहून जाऊ द्या. वेळ सकाळची किंवा सावलीची असावी. एप्रिलमधल्या उन्हात पत्रा इतका तापतो की साबण लावता लावता वाळतो आणि त्याचे डाग बसतात. साबणाचे पाणी खालून वर लावत जा, कारण वरून लावले तर त्याचे ओघळ खालच्या कोरड्या, मळक्या भागावर पट्टे उमटवतात. स्वच्छ पाणी मात्र वरून खाली सोडा. पोटाकडच्या बाजूला इंजिनाचे तेल आणि धुराची करडी काजळी साचते. १०० एलएल या विमानाच्या पेट्रोलमध्ये शिसे असते आणि ते त्या काजळीतही उतरते, म्हणून तेथे हातमोज्यांशिवाय काम करू नका आणि हात धुतल्याशिवाय जेवणाच्या डब्याला हात लावू नका.

काचेविषयी थोडे सविस्तर लिहितो. सेसनाची समोरची ‘काच’ ही काच नसून ॲक्रिलिक प्लास्टिक आहे. विमानाच्या पुस्तिकेतच स्पष्ट बजावलेले आहे की पेट्रोल, अल्कोहोल, ॲसिटोन किंवा घरात काचा पुसायचे द्रावण तिला लावू नये. मी नवखा असताना एका हँगरमध्ये एका सहकाऱ्याने प्रेमाने, घरून आणलेल्या काचेच्या स्प्रेने समोरची काच लख्ख पुसली. काही आठवड्यांनी सकाळच्या तिरप्या उन्हात त्या काचेत कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक भेगा चमकताना मला दिसल्या. बोट फिरवले तर वरून काहीच लागत नव्हते, भेगा आतून गेल्या होत्या. काच बदलावी लागली. तो सहकारी कित्येक दिवस गप्प होता. चूक त्याची नव्हती. कोणी त्याला सांगितलेच नव्हते.

तेव्हा काचेवर आधी भरपूर पाणी सोडा, हातातली अंगठी काढा आणि नुसत्या तळहाताने हलकेच चिकटलेली घाण सोडवा. तळहाताला वाळूचा एक कणही जाणवतो, फडक्याला तो जाणवत नाही. मग सौम्य साबण आणि मऊ कापड. हात सरळ रेषेत चालवा, गोल गोल फिरवू नका. गोल ओरखडे उन्हात डोळ्यांवर येतात. कोरड्या फडक्याने कोरडी काच कधीही पुसू नका.

धुऊन झाले की निम्मे काम झाले असे धरा. पंखांच्या व शेपटीच्या खालच्या कडांना पाणी निघून जाण्यासाठी छिद्रे असतात, ती मोकळी आहेत ना ते पाहा. एलेरॉन किंवा एलेव्हेटर या पंखाच्या व शेपटीच्या हलत्या पट्ट्यांमध्ये पाणी साचून राहिले तर त्यांचा तोल बिघडतो आणि वेगात तो भाग थरथरू लागण्याचा धोका असतो. झाकणे मोजून काढा. पुस्तिकेत सांगितलेल्या जागी नवे ग्रीस व तेल द्या, कारण तुम्ही जुने धुऊन टाकलेले आहे. नंतर टाक्यांच्या सगळ्या ड्रेनमधून इंधनाचे नमुने घ्या. टाकीच्या टोपणाचे रबर जुने झाले असेल तर पाणी आत गेलेले असू शकते. निळसर पेट्रोलच्या तळाशी पाण्याचा थेंब वेगळा दिसतो. शेवटी परवानाधारक अभियंत्याला विमान दाखवा आणि नोंद झाल्याशिवाय ते उड्डाणाला देऊ नका.

प्रश्न : माझा महागड्या मोटारींच्या डिटेलिंगचा व्यवसाय आहे. आता खासगी जेट विमानांचे काम घेण्याचा विचार आहे. मोटारींसाठीचे शाम्पू, चाकांचे क्लीनर, पॉलिश आणि सिरॅमिक कोटिंग विमानांना चालतील का?
– एक व्यावसायिक, पुणे

उत्तर : आपण आधी विचारले, याचे मला मनापासून समाधान वाटले. आपल्या कारागिरांच्या हातातले कौशल्य विमानाला नक्कीच उपयोगी पडेल. आपल्या कपाटातली बहुतेक द्रव्ये मात्र पडणार नाहीत.

याचे कारण धातूंमध्ये आहे. मोटारीच्या चाकांचे कित्येक क्लीनर आम्लयुक्त असतात. विमानाच्या लँडिंग गिअरमध्ये अतिशय उच्च ताकदीचे पोलाद वापरलेले असते आणि अशा पोलादावर आम्लाची क्रिया झाली की तयार होणारा हायड्रोजन धातूच्या आत शिरून त्याला ठिसूळ करतो. बाहेरून खूण दिसत नाही, गंजही दिसत नाही, आणि एके दिवशी भाराखाली तो भाग तडकतो. दुसरीकडे तीव्र अल्कधर्मी द्रव्ये ॲल्युमिनियमला खातात. कार्बनच्या ब्रेकवर काही क्षारयुक्त द्रव्ये गेली तर तापल्यावर कार्बनचे ऑक्सिडीकरण वाढते आणि ब्रेकची ताकद घटते. म्हणून विमानासाठीच्या प्रत्येक क्लीनरच्या आधीच चाचण्या झालेल्या असतात : ॲल्युमिनियमचे क्षरण होते का, पोलाद ठिसूळ होते का, ताणाखालच्या ॲक्रिलिकला भेगा जातात का. बोइंगच्या विमानांसाठी अशा द्रव्यांची कसोटी डी६-१७४८७ या दस्तऐवजात दिलेली आहे. डब्यावर ‘विमानांसाठी सुरक्षित’ असे छापलेले असणे पुरेसे नाही; त्या विमानाच्या निर्मात्याने ते द्रव्य मान्य केले आहे का, एवढाच प्रश्न विचारावा. सौम्य करण्याचे प्रमाणही लिहिले असेल तेवढेच ठेवावे. ‘जरा जास्त टाकले की जास्त निघते’ हा मोटारींच्या धंद्यातला समज येथे महागात पडतो.

पॉलिशविषयी अधिक जपावे लागते. जुन्या पद्धतीच्या ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर दोन्ही बाजूंना शुद्ध ॲल्युमिनियमचा पातळ थर दाबून बसवलेला असतो. पातळ पत्र्यात हा थर प्रत्येक बाजूला जाडीच्या सुमारे ५ टक्केच असतो. आतला मिश्रधातू ताकद देतो आणि हा थर त्याला क्षरणापासून वाचवतो. आरशासारखी चमक आणण्यासाठी बफिंग मशीन दर वर्षी फिरवले की प्रत्येक वेळी तो थर थोडा थोडा उतरतो आणि रिव्हेटांच्या डोक्यांवर तो सर्वांत आधी संपतो. मोटारीचा पत्रा झिजला तर गंज दिसतो. विमानाचा पत्रा झिजला तर ताकदीचा प्रश्न उभा राहतो. स्टीलची लोकर ॲल्युमिनियमवर कधीही घासू नये, कारण तिचे कण पत्र्यात रुतून बसतात आणि दोन वेगळ्या धातूंच्या संपर्काने तेथेच क्षरण सुरू होते.

बोइंग ७८७ किंवा एअरबस ए-३५० सारख्या विमानांचे अंग कार्बन तंतूंचे असते. विजेपासून संरक्षणासाठी रंगाच्या खाली धातूची बारीक जाळी असते, तेव्हा अशा विमानाच्या रंगावर घासकाम करणे म्हणजे त्या जाळीच्या दिशेने जाणे होय. नाकावरच्या, रडार झाकणाऱ्या रेडोमवर, बर्फ उडवणाऱ्या रबरी पट्ट्यांवर आणि स्टॅटिक पोर्टच्या सभोवती आखलेल्या चौकटीत स्वतःच्या मनाने काहीही लावू नये. त्या चौकटीतला पत्रा किती सपाट आहे यावर उंचीचे माप अवलंबून असते, आणि वरच्या हवाई मार्गांवर दोन विमानांत केवळ १,००० फुटांचे अंतर ठेवलेले असते.

सिरॅमिक कोटिंगचे उत्तरही तेच : निर्मात्याच्या मान्य यादीत असेल तर लावावे. सिलिकॉनयुक्त पॉलिश लावलेल्या पृष्ठभागावर पुढे रंग नीट धरत नाही, हे ग्राहकाला आधीच सांगावे. नव्या रंगावर मेण लावण्याआधी तो पूर्ण पक्का होऊ द्यावा.

व्यवहाराची बाजू थोडक्यात. प्रत्येक विमानाच्या देखभालपुस्तिकेचा १२ वा अध्याय सर्व्हिसिंगचा असतो, तो मालकाकडून मागून घ्या आणि आपल्या कारागिरांना मराठीत समजावून सांगा. विमानतळाच्या आत जायला नागरी विमान वाहतूक सुरक्षा ब्यूरोचा (बीसीएएस) प्रवेश परवाना लागतो. आणि सीएआर-१४५ या विमान वाहतूक नियमाखाली मान्यता असलेल्या देखभाल संस्थेच्या देखरेखीखालीच पहिली काही कामे करा. मिळकत थोडी कमी होईल, पण काम शिकायला मिळेल.

प्रश्न : आमच्या घराच्या गच्चीवरून दाबोळी विमानतळाची विमाने दिसतात. समुद्राच्या खाऱ्या वाऱ्याने आमच्या खिडक्यांचे गज दोन वर्षांत खराब होतात, तर विमानांचे काय होत असेल? पावसात ती आपोआप धुऊन निघत नाहीत का?
– एक गृहिणी, वास्को

उत्तर : आपल्या खिडकीच्या गजांनी आपल्याला नेमका प्रश्न सुचवला आहे. हवेतली आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांच्या वर गेली की साधे मीठ हवेतून पाणी ओढून स्वतःच ओले होते. कोकण-गोव्याच्या पावसाळ्यात आर्द्रता दिवसेंदिवस त्याहून वर असते. म्हणजे पत्र्यावर बसलेले मीठ पाऊस नसतानाही ओले राहते, आणि ओले मीठ ॲल्युमिनियमला चैन पडू देत नाही. गजांवर तांबडा गंज दिसतो, येथे रंगाखाली पांढरी भुकटी तयार होते आणि रिव्हेटाच्या कडेने रंग फुगतो.

पाऊस वरची बाजू धुतो. मीठ मात्र पोटाखाली, चाकांच्या कप्प्यात, दारांच्या कडांना आणि पत्र्यांच्या जोडांत बसते. तेथे पाऊस पोचत नाही. म्हणून किनाऱ्यावरच्या विमानांना ठरावीक काळाने गोड्या पाण्याने धुवावेच लागते. अमेरिकेच्या एफएए या विमान वाहतूक नियामक संस्थेच्या क्षरणविषयक पुस्तिकेत सौम्य हवामानात ९० दिवसांनी, मध्यम हवामानात ४५ दिवसांनी आणि तीव्र क्षरणाच्या प्रदेशात १५ दिवसांनी धुण्याची शिफारस आहे. जुहूहून मुंबई हायच्या तेलफलाटांकडे ये-जा करणारी हेलिकॉप्टर्स तर समुद्रावरच काम करतात. अशा हेलिकॉप्टरांचे अंग तर धुतातच, शिवाय इंजिनाच्या काँप्रेसरमधूनही क्षारमुक्त पाणी सोडून मीठ काढतात.

हवाई बेटांदरम्यान उडणाऱ्या अलोहा एअरलाइन्सच्या बोइंग ७३७ च्या छताचा पुढचा मोठा भाग २८ एप्रिल १९८८ रोजी हवेत उडून गेला आणि एका हवाई सेविकेचा जीव गेला, हे आपण कदाचित वाचले असेल. पत्र्यांच्या जोडांतला चिकटा सुटणे, क्षरण आणि धातूचा थकवा अशी त्या दुर्घटनेची कारणे होती. केवळ धुण्याने ती दुर्घटना टळली असती असे मी म्हणणार नाही, कारण बिघाड जोडांच्या आत होता. पण चांगला धुणारा माणूस पत्र्याच्या प्रत्येक इंचावर हात फिरवतो, आणि फुगलेला रंग किंवा सैल रिव्हेट पुष्कळदा त्यालाच आधी सापडतो. त्याने तसे सांगितले तर ऐकून घेणारे कोणीतरी असले पाहिजे.

प्रश्न : आमच्याकडे उन्हाळ्यात टँकरवर दिवस काढावे लागतात. विमाने धुण्यात इतके पाणी घालवणे योग्य आहे का? पाण्याशिवाय काही उपाय आहे का?
– एक शेतकरी, लातूर

उत्तर : उपाय आहे. विशिष्ट द्रव्य पत्र्यावर हाताने लावतात, ते वाळून त्याचा पापुद्रा होतो आणि मळ त्यात अडकतो; मग तो मायक्रोफायबरच्या कापडाने पुसून काढतात. दुबईच्या एमिरेट्स कंपनीने ही कोरडी पद्धत स्वीकारल्यावर वर्षाला एक कोटी लिटरहून अधिक पाणी वाचेल असे जाहीर केले होते. पाणी आत शिरण्याचा धोकाही यात फार कमी. मात्र वाळूचे कण अंगावर असताना ही पद्धत वापरली तर रंगावर ओरखडे येतात, आणि चाकांच्या कप्प्यातला चिखल किंवा सांध्यांतले मीठ तिने निघत नाही. म्हणून कोरडे पुसणे वारंवार आणि पाण्याने धुणे मोजकेच, तेही तेल वेगळे करणारा हौद असलेल्या ठरावीक जागेवर, ही विभागणी मला रास्त वाटते. नाल्यात सोडलेले तेलकट पाणी अखेर कोणाच्या तरी विहिरीत जाते, ही काळजी मलाही वाटते.

प्रश्न : माझा मुलगा नुकताच एका मोठ्या विमानतळावर विमाने धुण्याच्या कामावर लागला आहे. रात्रपाळी असते. फोनवर तो ‘सगळे ठीक आहे’ एवढेच सांगतो. या कामात जिवाला धोका असतो का? मी त्याला काय विचारू?
– एक आई, कोल्हापूर

उत्तर : ताई, धोका असतो आणि तो टाळताही येतो. आपल्या मुलाचे काम मानाचे आहे, हे आधी सांगतो.

सर्वांत मोठा धोका पडण्याचा. मोठ्या विमानाची शेपटी चार मजली इमारतीएवढी किंवा त्याहूनही उंच असते, आणि साबणाने ओला झालेला पंख शेवाळलेल्या फरशीहून निसरडा असतो. पंखावर पाय ठेवायच्या जागा आखलेल्या असतात, त्यांच्या बाहेर जायचे नसते. उंचावर काम करताना कमरेचा पट्टा नव्हे, तर खांद्यांवरून व मांड्यांवरून येणारा पूर्ण हार्नेस हवा आणि तो पक्क्या आधाराला अडकवलेला हवा. वारा सुटला किंवा विजा चमकू लागल्या की लिफ्ट खाली आणून काम थांबवायचे असते.

दुसरा धोका हलणाऱ्या भागांचा. फ्लॅप व स्पॉयलर हे पंखांवरचे हलते भाग आणि चाकांच्या कप्प्यांची दारे ही हायड्रॉलिक दाबाने क्षणात मिटतात. कोणी धूत असताना कॉकपिटमधून ती हलवली जाऊ नयेत म्हणून दाब बंद करून, दारांना कुलपी खिळा घालून, कॉकपिटमध्ये ‘हात लावू नये’ अशी पाटी अडकवलेली असते. तिसरा धोका द्रव्यांचा : डोळ्यात गेले तर किमान १५ मिनिटे स्वच्छ पाण्याने डोळा धुवायचा आणि मग डॉक्टरांकडे जायचे. चष्मा, हातमोजे आणि बूट कंपनीने द्यायचे असतात, त्यासाठी पगारातून पैसे कापायचे नसतात.

त्याला ‘जपून राहा’ म्हणण्याऐवजी तीन गोष्टी विचारा. तुझा हार्नेस कशाला अडकवतोस? तू धूत असताना कॉकपिटमध्ये पाटी कोण लावतो? आणि तू लावलेली झाकणे शेवटी कोण मोजतो? या तिन्हींची उत्तरे त्याने न अडखळता दिली, तर तो चांगल्या माणसांच्या हाताखाली शिकतो आहे असे समजा. एकाही प्रश्नावर तो थांबला, तर मला पुन्हा लिहा. वरिष्ठांशी कसे बोलावे हे मी त्याला पत्राने कळवीन.